करवंदीच्या जाळीआडून

देवराम भोयेच्या चित्रात आधी गवत दिसतं, डोंगर नंतर. अर्धा कागद नुसती पाती, चिखल, दगड, करवंदीची पानं. सगळं नाकाशी आल्यासारखं मोठं. त्याच्या फटीतून वर लांब कुठंतरी भाताची खाचरं, त्यात वाकलेली माणसं, मागं डोंगर आणि ढग.

तो गेला. आता त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरवतायत. भरवणाऱ्या बाई नाशिक रोडला माझ्या घरी आल्या होत्या. चांगल्या आहेत. मी केलेला चहा मुकाट्यानं प्यायल्या, आणि माझा चहा पिणं सोपं नाही. त्यांनी विचारलं, भोयेसर असे जमिनीलगत बसून का काढायचे? ही नजर त्यांना कुठून आली, कोणाचा प्रभाव होता? मी म्हणालो, बाई, मी रंगारी, मला भिंती कळतात. त्या म्हणाल्या, तुम्ही त्यांना सगळ्यात जास्त वर्षं ओळखता, जसं येईल तसं लिहून द्या, आम्ही छापू. जाताना म्हणाल्या, या चित्रांत निसर्गापुढची नम्रता आहे. मी मान हलवली.

नम्रता वगैरे काही नव्हती. देवराम लपून बसायचा. आपल्याच आईपासून.

मेलेल्या माणसाची लाज चारचौघांत काढायची म्हणजे मलाच कसंतरी होतं. पण खोटं छापलं जाण्यापेक्षा हे बरं.

हरसूलच्या पुढं, डोंगराच्या पोटात त्याचा पाडा. भात निघालं की तिकडची माणसं द्राक्षबागांच्या कामाला खाली येतात. तसा तो टोळीबरोबर आला. हंगाम संपला, टोळी परत गेली, हा राहिला. मजूर उभे राहतात त्या नाक्यावरून मी त्याला उचलला. मला घासकामाला माणूस पाहिजे होता. भिंतीला लांबी, म्हणजे पुट्टी, लावली की ती वाळल्यावर घासपेपरनं घासायची, धूळ खायची, हे काम कोणाला नको असतं. यानं तक्रार केली नाही. बुटका, अंगानं बारीक, केस कायम पांढरे, धुळीनं. जेवायला बसला की तोंड भिंतीकडं. बोलताना आंगठा बोटांवरून फिरवत राहायचा, जसं काही तेव्हाही घासकाम चालू आहे. आणि काहीही विचारा, उत्तर एकच: "वाळल्यावर कळंल." ओल्या रंगाची छटा वाळल्यावर बदलते, हे कोणताही रंगारी सांगेल. पण याला कोणी विचारलं की अमक्याचं लग्न कसं काय जमलं, तरी हा म्हणायचा, वाळल्यावर कळंल. निवडणुकीत कोण येणार, वाळल्यावर कळंल. पोरं त्याला वाळवण म्हणायची.

एकदा एका कॉलनीत गच्चीचं काम होतं. जेवणाच्या सुट्टीत सगळे पाण्याच्या टाकीच्या सावलीला आडवे, आणि हा उन्हात. जवळ जाऊन बघतो तर साध्या पाण्याचा ब्रश घेऊन कठड्याच्या तापलेल्या सिमेंटवर डोंगर काढत होता. रंग नाही, नुसतं पाणी. पाणी लागेल तिथं सिमेंट काळं, बाकी पांढरं. डोंगराची एक बाजू काढून दुसरीकडं जाईपर्यंत पहिली वाळून जायची. हा परत पहिल्यापासून. मी म्हणालो, अरे येड्या, हे टिकतं का? तर म्हणे, टिकलं असतं तर मालकानं आपल्याला हाकलून दिलं असतं.

त्या दिवशी मी डबा विसरलो होतो म्हणून नर्मदा, माझी बायको, डबा घेऊन वर आली होती. तिनं डबा माझ्याकडं दिला नाही. तिथंच कठड्यापाशी उभी राहिली, डोंगर वाळून जाईपर्यंत. मग त्याला म्हणाली, "भाऊ, परत काढा." त्यानं काढला. माझं जेवण गार झालं. त्या दिवसापासून तो आमच्या घरचा झाला.

चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर होते, त्यांचं घर आम्ही रंगवलं. त्यांनीही त्याला असंच पाण्यानं काढताना धरलं. मास्तरांनी आपल्या जुन्या रंगाच्या ट्यूबा दिल्या, अर्ध्या सुकलेल्या. कागद ओला करून फळीला कसा ताणून चिकटवायचा ते दाखवलं. पांढरा रंग लावायचा नाही, पांढरं पाहिजे तिथं कागदच सोडायचा, हे शिकवलं. आकाश करायला लागल्यावर मास्तर म्हणाले, वरून सुरू कर, एका दमात खाली आण, मधे थांबलास आणि कड वाळली की डाग पडतो. देवराम म्हणाला, "हे तर मिस्तरी मला रोज शिव्या देऊन सांगत्यात." मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. तेव्हा बाई, प्रभाव विचारत असाल तर एक मास्तर आणि अर्ध्या माझ्या शिव्या.

मास्तरांनी त्याला रविवारी गोदाघाटावर नेलं. तिथं चित्र काढणारे ओळीनं बसतात. देवळं, पायऱ्या, पाण्यातली उलटी देवळं. यानं दोन चित्रं केली आणि जायचं बंद केलं. मला म्हणाला, तिथं सगळं आधीच काढून ठेवलेलं आहे, मिस्तरी. कागदाला ब्रश लावला की दुसऱ्याचंच चित्र उमटतं.

मग त्याची चित्रं एका सरकारी कार्यक्रमात लागली. मी नवा शर्ट घालून गेलो होतो. पाहुणे आले, नाव ऐकलं, गाव ऐकलं, आणि खूश होऊन म्हणाले, वा, म्हणजे वारली! देवराम म्हणाला, "साहेब, मी कोकणा. ती जमात वेगळी." पाहुणे म्हणाले, तेच हो, ती गोल नाचणारी माणसं, तारपा, छान असतं. आता हा खरं बोलणारा. म्हणाला, साहेब, तो लग्नाचा चौक असतो. तो वारल्यांच्या सवाष्ण बाया लिहितात. मी पुरुष, त्यात कोकणा, मला कुठून येणार? सगळे हसले. पाहुणे चांगले होते, तेही हसले. पण पुढच्या वर्षी बोलावणं आलं तेव्हा पत्रावर गोल नाचणारी माणसंच छापलेली होती. तो गेला नाही.

हिरव्या रंगाची ट्यूब त्यानं जन्मात उघडली नाही. निळा, पिवळा, थोडी काव, यातून हिरवे करायचा. रोपाचा हिरवा वेगळा, पिवळट. ते उपटून खाचरात लावलं की आठवडाभर मलूल पडतं, तो वेगळा. नागलीचा, म्हणजे नाचणीचा, वेगळा. सागाचा तर पावसात तांबूस. आमच्या धंद्यात हिरवा म्हणजे डब्यावर नंबर असतो. मी म्हणायचो, तुझ्यासारखी गिऱ्हाइकं आली तर मी उपाशी मरेन.

आता मुद्द्याचं. त्याची सगळी चित्रं अशी जमिनीलगतची नाहीत. चांदवडकडची बघा. तिकडं उघडे डोंगर, कांद्याची शेतं. तिथं तो रस्त्याच्या कडेला पाय पसरून बसायचा. येणारे-जाणारे थांबायचे, चहा पाजायचे, एखादा म्हातारा म्हणायचा माझी म्हैस पण घे त्यात. तो घ्यायचा. ती चित्रं मोकळी आहेत, ताठ बसलेल्या माणसाच्या डोळ्यातून. त्या बाई म्हणाल्या, त्यांच्या कामाचे दोन कालखंड दिसतात. कालखंड नाहीत हो. या महिन्यात चांदवड, पुढच्या महिन्यात पाडा, असंच चालायचं. चांदवडला त्याला कोणी ओळखत नव्हतं, एवढाच फरक.

मला हे कळलं ते एका पावसाळ्यात. आवणीचे, म्हणजे भाताची रोपं खाचरात लावायचे, दिवस होते. तो गावी निघाला होता, मी म्हणालो मीही येतो, कामं बंद आहेत, जरा हवा खाऊ. माझ्या स्कूटरवरून गेलो. पाड्याच्या अलीकडे उतारावर त्यानं थांबायला लावलं आणि म्हणाला, आलोच. पिशवी घेऊन झाडीत गेला. मला वाटलं, बसायला गेला असेल. बराच वेळ झाला तरी येईना. शेवटी मी हाका मारत गेलो तर करवंदीच्या जाळीमागं हा चिखलात पालथा पडलेला. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, पुढं फळी, आणि खाली खाचरात त्याची आई, दोन भावजया आणि शेजारणी आवणी करत होत्या. त्यानं मला पाय धरून खाली ओढलं. "हळू, मिस्तरी. आई बघंल."

मला वाटलं घरात भांडण आहे. तसं काही नव्हतं. चित्र झाल्यावर त्यानं पिशवी तिथंच झुडपात लपवली, पँट गुडघ्यापर्यंत वर केली, आणि जणू आत्ताच पोहोचलो असं दाखवत खाली गेला. थेट खाचरात. अंधार पडेपर्यंत तो त्यांच्याबरोबर वाकून रोपं लावत होता. आई त्याच्याकडं बघून इतकी खूश की मलाच लाज वाटली. एवढ्या चांगल्या बाईला हा का फसवतो?

परत आल्यावर नर्मदेनं त्याच्याकडून कारण काढून घेतलं. मी विचारलं असतं तर तो बोलला नसता. तरुण असताना, रंग नवे मिळाले होते तेव्हा, तो आवणीतच गावी गेला आणि सरळ बांधावर फळी मांडून बसला. आता तिकडं आवणीत कोणी बसत नाही. शहरात नोकरी करणारा येतो तोही पाय चिखलात घालतो. बांधावर बसतो तो एक तर सरकारी माणूस नाही तर आजारी. याची आई खाचरातून वर आली. रागावली नाही. चिखलाचा हात पदराला पुसून तिनं याच्या कपाळावर ठेवला आणि विचारलं, तुझं अंग बरं नाही का? यानं मान खाली घातली. मग तिनं हाक मारून सगळ्यांना सांगितलं की देवरामला बरं नाही, त्याला बसू द्या. संध्याकाळी एकजण काढा घेऊन आला. दुसरा भगताला बोलवू का विचारायला आला. हा रात्रभर गोधडी घेऊन पडून राहिला. ताप नसताना.

"शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो असतो, वहिनी," तो म्हणाला. "ती काढा पाजत होती."

त्यानंतर तो गावात कधी उघड्यावर बसला नाही. सगळ्या पाड्याच्या पाठी मोडत असताना आपण हिरव्यात पिवळा किती घालायचा याचा विचार करतोय, हे त्याला सहन व्हायचं नाही. आणि काढल्याशिवायही राहवायचं नाही. म्हणून जाळी, म्हणून गवत, म्हणून कागदाचा अर्धा भाग चिखल. पालथ्या माणसाला तेवढंच दिसतं.

नर्मदा आधी हसली, पोट धरून. ती हसायला लागली की थांबायची नाही. मग भिंतीवर त्यानं दिलेलं चित्र होतं त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. म्हणाली, "भाऊ, यात तुमच्या आईचं तोंड कुठंय? इतकी वर्षं बघते, सगळ्या पाठीच आहेत."

तो म्हणाला, आवणीत पाठच दिसते, वहिनी.

"लपून बसलं की पाठच दिसणार. समोर जाऊन बसा की एकदा. म्हातारी काय जन्मभर पुरणार आहे का?"

तो म्हणाला, बघू, पुढच्या वर्षी. नर्मदेनं ते सोडलं नाही. दर पावसाळ्यात तो गावाहून आला की ही दारातच विचारायची, काढलं का तोंड? तो मान खाली घालून आंगठा बोटांवर फिरवायचा. आईला कमी दिसायला लागलं होतं. पण आवणी ती सोडत नव्हती. दर वर्षी वाटायचं हे शेवटचं.

मग नर्मदाच गेली. आजारी पडली आणि उठली नाही.

तिच्याबद्दल मला इथं लिहायचं नाही. एवढंच लिहितो की बाई गेल्यावर पुरुषाला कळतं आपण किती निकामी आहोत. साखरेचा डबा कुठं असतो ते मला माहीत नव्हतं. सून माझे कपडे धुवायची तेव्हा मी घराबाहेर जाऊन उभा राहायचो. शेजारचे ताट आणायचे, ते घेताना मान वर व्हायची नाही. रडू यायचं, तर न्हाणीघरात नळ सोडून बसायचो. म्हातारा माणूस, लोक काय म्हणतील.

देवराम यायचा. भिंतीकडं तोंड करून जेवायचा, तसाच बसायचा. एकदा नळाचा आवाज ऐकून त्यानं न्हाणीच्या दारावर थाप मारली. मी दार उघडलं. तो म्हणाला, "मिस्तरी, पाणी वाया जातंय. बाहेर येऊन रडा." मी त्याला आईवरून शिवी दिली. मग बाहेर येऊन रडलो.

आषाढात एका सकाळी तो आला, पिशवी खांद्याला. म्हणाला, चला. मी म्हणालो, कुठं? म्हणाला, वहिनी दारात विचारायच्या. आता कोणी विचारत नाही. मला ते न विचारणं सोसवत नाही.

एसटीनं गेलो. स्कूटर चालवायची माझी ताकद राहिली नव्हती. या वेळी तो उतारावर थांबला नाही. सरळ खाली गेला आणि खाचराच्या बांधावर जाऊन उभा राहिला. पाऊस भुरभुर चालू होता. सात-आठ बाया एका ओळीत वाकलेल्या. आवणी मागं सरकत करतात. रोप लावायचं, एक पाऊल मागं. म्हणजे पुढच्या बांधावर बसलं तर बाई आपल्यापासून लांब लांब जाते, आणि मागच्या बांधावर बसलं तर पाठ. तोंड तर कायम चिखलाकडं. हा फळी घेऊन पुढच्या बांधावर बसला. बायांनी बघितलं. एकीनं काहीतरी म्हटलं, बाकीच्या हसल्या. त्यांची बोली मला अर्धीच कळते, पण ‘साहेब’ एवढा शब्द कळला. याचे कान लाल झाले. ब्रश पाण्यात बुडवून तसाच धरून बसला. आई मागं सरकत चालली होती. तिला हाक मारून, आई, थांब, वर बघ, असं म्हणायचं म्हणजे आवणीतल्या माणसाचं काम थांबवायचं. ते त्याच्या तोंडातून निघेना. माझ्याकडं बघितलं त्यानं. मी त्याला तीस वर्षं बघत आलो होतो, पण असं तोंड पाहिलं नव्हतं. फळी उचलून पळतो की काय असं वाटलं.

मी काही विचार केला असं नाही. चपला काढल्या, पायजमा वर खोचला आणि खाचरात उतरलो. चिखल पोटरीपर्यंत. आईपाशी गेलो, तिच्या हातातली रोपांची जुडी घेतली आणि म्हणालो, आई, तुमची ओळ मी धरतो, तुम्ही वर जा, पोरगा बोलावतोय. ती मला ओळखत होती. घाबरली. पाहुण्याला चिखलात घालायचं? ती जुडी परत ओढायला लागली. आम्ही दोघं म्हातारे रोपांसाठी ओढाताण करतोय, आणि बाया खदखदून हसतायत. तेवढ्यात बांधावरून देवराम बोलला. मोठ्यानं. मराठीत नाही, त्यांच्या बोलीत. मला एवढंच कळलं की "माझं काम" असं काहीतरी म्हणाला, आणि "तुझं तोंड".

ती वर गेली.

मी वाकलो. रोप किती आत दाबायचं, किती अंतर सोडायचं, मला काय माहीत? जन्मभर ताठ भिंती केल्या. माझी ओळ दारू प्यायल्यासारखी चालली होती. शेजारची बाई माझ्या मागोमाग रोपं सरळ करत येत होती आणि न बोलता हसत होती. कंबर मोडली. इतक्या बायांत एकटा पुरुष, म्हातारा, पांढरा पायजमा, आणि कामात गाढव. मला कुठं तोंड लपवू असं झालं होतं. तिकडं आई बांधावर बसली होती. रिकामं बसायचं कसं हे तिला ठाऊक नव्हतं. हात मांडीवर ठेवायची, मग पदराखाली घ्यायची, मग परत बाहेर. लोक राबतायत आणि आपण बसलोय, तेही पोरापुढं. तिची मान खाली जात होती आणि तो हळूच काहीतरी म्हणायचा की ती वर यायची.

फार वेळ नाही टिकली ती. माझी ओळ बघून तिच्यानं राहवलं नाही. उठली, खाली उतरली, मी लावलेलं एक रोप उपटलं, नीट लावलं, दुसरं उपटलं. मला बाजूला सारलं. मग माझ्याशेजारी वाकून ती काम करत राहिली आणि मधेच डोकं वर काढून बांधाकडं बघून त्याच्याशी बोलत राहिली. काय बोलत होती ते मी विचारलं नाही. कपाळावरून पाणी गळत होतं, सुरकुत्यांतून, आणि तिला बहुतेक तो धुरकटच दिसत असणार.

देवराम नंतर मला भेटला. दिवाळीनंतर त्याच्या छातीनं दगा दिला तेव्हा दवाखान्यातही भेटलो. ते मी धरत नाही. ते चित्र प्रदर्शनात नाही, मागू नका. ते पाड्यावर आहे. म्हातारी ते हातानं चाचपते, आणि तिला कोणी अडवायचं नाही.

मी त्याला शेवटचं बघितलं असं धरतो ते त्या खाचरातून. वाकलेल्या माणसानं मान वळवून बघितलं की जग आडवं दिसतं. आडव्या जगात तो बांधावर बसला होता. प्लॅस्टिक फळीवर ताणलेलं, डोक्यावर काही नाही, पुढं जाळी नाही, नखशिखांत भिजलेला. आकाश कागदावर उतरवत होता, एका दमात, कड वाळू न देता. दोन पोरी त्याच्याकडं बोट करून हसत होत्या. कोणीतरी पुन्हा साहेब म्हणालं.

त्यानं मान खाली घातली नाही.